डिसेंबरात पळणारा प्रोसेसर एप्रिलमध्ये का अडतो?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या आतेभावाचं पॅटर्न करायचं दुकान आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना ओतकामासाठी लागणारे पॅटर्न, म्हणजे लाकडी नमुने, तो बनवतो. लाकडाला हत्यार लागण्याआधीचं सगळं काम आता संगणकावर होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी त्याचा फोन आला. "दादा, प्रोसेसर म्हातारा झाला बघ. खोक्यावर ३.६ गिगाहर्ट्‌झ छापलंय अन् हितं दिसतंय ०.८. डिसेंबरात कसा पळत हुता!"

प्रोसेसर म्हातारा होऊन हळू चालायला लागतो, ही समजूत मी फार ठिकाणी ऐकली आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल. प्रोसेसर ज्या तालावर काम करतो तो ठोका ठरतो मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, क्वार्ट्झच्या स्फटिकावरून. त्या स्फटिकाच्या कंपनांपासून १०० मेगाहर्ट्‌झचा मूळ ठोका तयार होतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्यानं गुणतो. ३६ नं गुणलं की ३.६ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ८.३ सेंटिमीटर जातो, वीतभरही नाही. क्वार्ट्झ वयानं बदलतो खरा, पण वर्षाला दहा लाखांत काही भाग एवढाच. त्यानं ३.६ चे ०.८ होत नाहीत. गुणायचा आकडा कुणीतरी जाणून खाली आणलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो "कुणीतरी" म्हणजे स्वतः प्रोसेसरच असतो. त्यानं तो का आणला, एवढंच शोधायचं असतं.

भावानं ०.८ हा आकडा पाहिला तेव्हा संगणक रिकामा बसला होता. त्या वेळी एवढाच आकडा दिसणं अगदी बरोबर आहे. गरजेप्रमाणे वेग उतरवायची सोय प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनं २००० साली लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणली, तिच्या स्पर्धक एएमडीनं २००३ च्या अॅथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये ती डेस्कटॉपवर दिली. त्यामागचं गणित मला फार आवडतं. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे सूक्ष्म स्विचांच्या, उघडझापीला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग कमी केला की कमी व्होल्टेजवर भागतं, म्हणजे दोन्हीकडून बचत. ३.६ गिगाहर्ट्‌झला १.२ व्होल्ट लागत असतील आणि १.२ गिगाहर्ट्‌झला ०.८ व्होल्ट पुरत असतील, तर वेग एक तृतीयांश होतो, पण शक्ती जवळजवळ एक सप्तमांशावर येते.

म्हणून मी त्याला म्हटलं, मोठं ड्रॉइंग उघड, रेंडर (ड्रॉइंगवरून खरं वाटणारं चित्र बनवायचं जड काम) लाव आणि मग आकडा बघत बस. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सखाली सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, चालू वेग दिसतो आणि शेजारी छापील "बेस स्पीड"ही दिसतो. प्रोसेसरला काम न देता वेग मोजणं म्हणजे पैलवान झोपलेला असताना त्याची नाडी बघून तो कुस्तीत टिकेल का हे सांगणं.

रेंडर सुरू झाल्यावर आकडा ४.१ वर गेला. हा टर्बो. छापील वेगाच्या वर काही सेकंद मारलेली धाव. तो तिथून ३.६ वर उतरला असता तर मी विषय तिथंच संपवला असता, कारण थोड्या वेळानं टर्बो ओसरणं हे ठरवूनच केलेलं असतं. पण आकडा ३.६ वर थांबला नाही. २.१ झाला, मग १.४, आणि तिथंच खालीवर करत राहिला. भावाची तक्रार खरी होती, फक्त पुरावा चुकीचा होता. आता तापमान बघायचं होतं. त्यासाठीचा छोटा फुकट प्रोग्रॅम त्यानं उतरवून घेतला. आकडा १०० अंश.

कोल्हापूरच्या माणसाला पुढची गोष्ट समजावायला गुऱ्हाळ पुरतं. काहिलीतला रस उतू जायला लागला की गुळव्या हाक देतो आणि चुलवाणात चिपाड सारणारा हात आखडता घेतो. रस खाली बसला की पुन्हा जाळ. प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच तापमान मोजणारे संवेदक असतात. बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथं पोचलं की तो स्वतःच गुणायचा आकडा आणि व्होल्टेज उतरवतो, तापमान पडलं की पुन्हा चढवतो. १.४ वरचं ते खालीवर हेच होतं. हे संरक्षण आहे, आणि ते नसतं तर भावाला खरोखरच नवा प्रोसेसर घ्यावा लागला असता. उष्णतेनं मोठ्या कंपन्यांचेही बेत मोडलेत: इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्‌झचा बेत इंटेलनं २००४ मध्येच सोडून दिला.

तरी प्रश्न उरतोच, डिसेंबरात का नाही? भावाला वाटत होतं व्हायरस शिरला. उत्तर एका बेरजेत आहे. हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाहीत. प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश वर राहील एवढंच ते ठरवतात. समजा कचरा बसल्यामुळे पूर्ण कामात तो हवेपेक्षा ७० अंश वर जातोय. डिसेंबरात दुकानात २४ अंश, बेरीज ९४, सगळं ठीक. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३८, बेरीज १०८. ही बेरीज प्रोसेसर होऊ देत नाही, वेग कापतो. म्हणजे दोष डिसेंबरातही होता, फक्त थंडीनं झाकला होता. "उन्हाळ्यात कॉम्प्युटर हळू होतो" असं म्हणून लोक एसीचा विचार करतात तेव्हा मला फार वाटतं, की आधी कॅबिनेटचं झाकण तरी उघडा.

आम्ही उघडलं. घरातल्या संगणकावर साधी धूळ बसते, ब्रशनं निघते. इथं ग्राइंडिंगची बारीक धूळ, लाकडाचा भुसा आणि तेलाचा हलका वाफारा यांचा मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमदा झाला होता. पंखा जोरात फिरत होता, पण हवा आरपार जातच नव्हती. भाऊ लगेच दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला. त्याला थांबवलं, कारण कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल येतं आणि दाब इतका असतो की एखादा नाजूक भाग उखडू शकतो. वायर काढून ठेवली, पंखा बोटानं धरून ठेवला (मोकळा सोडला तर हवेच्या झोतात भलत्याच वेगानं फिरून खराब होतो), मऊ ब्रशनं आणि हाताच्या ब्लोअरनं सावकाश साफ केलं.

हीटसिंक उचलल्यावर खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली दिसली. ही पेस्ट कशाला, असं भावानं विचारलं. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी सूक्ष्म खाचखळगे राहतात आणि त्यात हवा बसते. अॅल्युमिनियम हवेपेक्षा सुमारे नऊ हजार पट चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून तेवढी हवासुद्धा महागात पडते. पेस्ट ती हवा हाकलते. पण पेस्ट धातूइतकी चांगली वाहक नसते. ती खळग्यांपुरतीच हवी, वाटाण्याएवढी. भाकरीवर लोणी थापल्यासारखी थापली तर उलट अडथळा होतो. एवढ्याशा जागेतून ६५ वॅट उष्णता बाहेर काढायची आहे, आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक कथील वितळवतं, हे डोळ्यासमोर ठेवलं की या पातळ थराचं मोल कळतं.

पुन्हा रेंडर लावलं. खोलीत ३८ अंश, प्रोसेसर ७९, वेग ३.६ च्या वरच. भाऊ दहा मिनिटं त्या आकड्यासमोरून हलला नाही.

तापमान कमी आणि तरी वेग कमी, असं असेल तर वाट वेगळी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांखाली कुणी ठेवली आहे का ते आधी बघावं. नव्व्याण्णव केलं तरी बऱ्याच संगणकांवर टर्बो बंद होतो. जुन्या यंत्रांत मूळ ठोकाच चुकीचा लागलेला असायचा. एएमडीच्या अॅथलॉन एक्सपी २५००+ चा खरा वेग १८३३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे १६६.६७ गुणिले ११. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की कित्येकदा सेटिंग पुसलं जाऊन मूळ ठोका १०० वर यायचा आणि प्रोसेसर ११०० वर चालायचा. २५०० हा आकडा वेगाचा नव्हताच, नुसतं नाव होतं, त्यामुळे लोकांना निम्म्याहून जास्त वेग चोरीला गेल्यासारखा वाटायचा. खूण सोपी होती: चालू करताना तारीखही मागं गेलेली असायची.

त्याच संध्याकाळी भाचीनं तिचा कॉलेजचा लॅपटॉप पुढं केला. काहीही उघडा, वेग ०.४. तापमान फक्त ४६, म्हणजे उष्णता नव्हे. सेटिंगही ठीक. मग मी चार्जरची पिन उजेडात धरली. काही लॅपटॉपच्या पिनमध्ये मधोमध एक सुईसारखी तार असते. तिच्यातून अडॅप्टर आपण किती वॅटचे आहोत हे लॅपटॉपला सांगतो. ती सुई वाकून तुटली होती. अडॅप्टरची ओळख पटेना, म्हणून लॅपटॉप बॅटरी चार्ज करत नव्हता आणि प्रोसेसरलाही जेमतेम चालू देत होता. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालू केला तर वेग लगेच २ च्या वर गेला. भाची म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी अडॅप्टरच्या सुईसाठी विंडोज परत परत टाकत बसले होते?"