स्पॅनिश टू घेणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

अमेरिकेतून आमच्या स्पॅनिशच्या शिकवणीला येणारी बहुतेक मुलं दहावीत, म्हणजे तिथल्या हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला असतात. स्पॅनिशचं पहिलं वर्ष रंग, आकडे, घरातली माणसं यांत सुखात निघून जातं. दुसऱ्या वर्षी, म्हणजे स्पॅनिश टूमध्ये, भूतकाळ येतो, तोही दोन प्रकारचा, आणि आमचे फोन वाजू लागतात. प्रत्येक फोनवर तेच ते सांगावं लागतं, म्हणून हे पत्रक.

आधी क्रेडिटचं, म्हणजे विषय पूर्ण केल्याच्या शाळेतल्या नोंदीचं. आमची पुण्यातून चालणारी ऑनलाइन शिकवणी आहे; आम्ही क्रेडिट देत नाही, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे अधिकृत गुणपत्रकही देत नाही. उन्हाळ्यात ऑनलाइन स्पॅनिश टू करून मोकळं व्हायचा बेत असेल, तर कुठेही पैसे भरण्याआधी शाळेच्या काउन्सेलरकडून लेखी होकार घ्या. कॅलिफोर्नियातल्या पालकांनी तर हा विषय ढकलून चालणारच नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी दुसऱ्या भाषेची किमान 2 वर्षं लागतात, 3 असावीत अशी त्यांची शिफारस आहे, आणि ग्रेड सी किंवा त्यावरची लागते.

आता ज्यात तुमचा, आमचा आणि मुलाचा वेळ जातो ती गोष्ट. मूल निबंध इंग्रजीत लिहितं, भाषांतराच्या ॲपमधून काढतं आणि “जरा तपासून द्या” म्हणून पाठवतं. मजकूर दिसायला सुरेख असतो. पण त्यात वर्गात अजून न आलेली, पुढच्या वर्षांची क्रियापदं बसलेली असतात. शाळेतल्या बाईंच्या ते लगेच लक्षात येतं, आमच्याही येतं. मग “इथे हे रूप का घेतलंस?” असं विचारलं की मूल गप्प. त्याने ते लिहिलेलंच नसतं, तर सांगणार काय? तासाचा निम्मा वेळ यातच जातो, आणि तो तुमच्या पैशाचा असतो.

एक वाक्य घ्या: लहानपणी मी दर उन्हाळ्यात आजोळी जायचो. इथे ‘गेलो’ म्हटलं तर घरातलं कुणीही टोकेल. स्पॅनिशमध्ये या ‘जायचो’ला ‘ईबा’ आणि ‘गेलो’ला ‘फुई’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वेन्ट’ चालून जातं, म्हणून इंग्रजीतून विचार करणारं मूल सगळीकडे ‘फुई’ लिहीत सुटतं. ॲपने ‘ईबा’ बरोबर दिलं तरी ते का, हे मुलाला कळत नाही. परीक्षेत पेन हातात आलं की पुन्हा ‘फुई’. तसंच ‘पाऊस पडत होता, तेवढ्यात फोन वाजला’. पडणारा पाऊस एका भूतकाळात, वाजलेला फोन दुसऱ्यात. मराठी कानाला हा फरक आधीच ठाऊक असतो. ‘मे गुस्ता’चंही तेच. वर्गातली इतर मुलं त्या रचनेशी झगडत असतात, आणि आपल्याकडे ‘मला आवडतं’ तयारच असतं. मूल मराठी बोलत नसेल, नुसतं समजत असेल, तरी एवढं पुरतं. इतर शिकवण्यांपेक्षा आमचा फायदा काय, असं विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो.

म्हणून आम्ही फक्त हाताने लिहिलेला पहिला खर्डा तपासतो. काहींना हा हट्ट वाटतो. पण मूल कुठे अडलं ते खाडाखोडीतच दिसतं, आणि नीटनेटक्या टाइप केलेल्या पानात ती नसते. शब्दकोश वापरायला आमची ना नाही. एकेक शब्द शोधून वाक्य स्वतः जुळवावं.

ऑनलाइन चाचण्यांसाठी मात्र संगणकावर स्पॅनिश कीबोर्ड टाकून घ्या. ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’. त्यातल्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिली की ‘तो बोलला’. आपोआप तपासणाऱ्या चाचणीत ती रेघ राहिली तर येत असलेल्या उत्तराचे गुण जाऊ शकतात.

उच्चारांची काळजी नको. आमच्या एक बाई स्पेनच्या पद्धतीने ‘थापातो’ म्हणतात, शाळेत बहुधा ‘सापातो’ ऐकू येईल. दोन्ही बरोबर, शाळेचं चालू द्या.

वेळेचं तेवढं नीट वाचा. भारतात घड्याळं पुढेमागे होत नाहीत. आमचा सकाळी 7 चा तास न्यू जर्सीत उन्हाळी वेळेनुसार आदल्या रात्री 9:30 ला असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून 8:30 ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा 9:30 ला जातो. कॅलिफोर्नियात हेच संध्याकाळी 6:30 आणि 5:30. घड्याळं बदलतात त्या आठवड्यात चुकलेला तास भरून मिळत नाही.

पहिला तास विनामूल्य. त्याच्या आदल्या दिवशी चालू धड्याचा फोटो आणि मुलाच्या हातचा एक परिच्छेद व्हॉट्सॲपवर पाठवा, कितीही चुका असल्या तरी. मध्ये बसून तुम्ही त्या दुरुस्त करू नका.