मळलेली वाट आणि बर्फाचा उतार

पुण्याचा बर्फाशी संबंध शोधायचा तर शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसपाशी जावं लागतं. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, 1944 मध्ये दिल्लीला गेलं. नाव तेवढं बसथांब्याला चिकटून राहिलं. बाकी आपले डोंगर म्हणजे सिंहगड, राजगड. तिथे वाट मळलेली दिसली की आपण निर्धास्त. गुलमर्ग-औलीला स्कीइंग शिकून आलेली इथली मुलं आता रोपवे सोडून मोकळ्या उतारांवर जायचं म्हणतात, तेव्हा मला या सवयीचीच धास्ती वाटते. बर्फात नऊ जण सुखरूप उतरले तरी दहाव्याच्या वजनानं उतारावरचा बर्फ सुटून हिमस्खलन होऊ शकतं.

हिमस्खलनाचं शास्त्र हौशी लोकांसाठी जन्मलंच नाही. गावं, रेल्वे आणि रस्ते वाचवायला स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोखला, 1936 मध्ये एका लाकडी बराकीत बर्फाचा अभ्यास सुरू झाला. 1950-51 च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून जास्त माणसं हिमस्खलनात गेली आणि या कामाला जोर आला. आपल्याकडे 1969 मध्ये मनालीला संरक्षण खात्याची संस्था निघाली, तीही मुख्यतः सैन्यासाठी.

अभ्यासातून कळलं ते असं, की बर्फ किती पडला याइतकंच तो कोणत्या थरावर पडला हेही महत्त्वाचं. बर्फ उथळ आणि हवा कडाक्याची गार असेल, तर तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. वर वाऱ्यानं घट्ट लादी बसते. उतार 30 ते 45 अंशांचा असला की ती लादी अख्खी सुटते. स्कीला खरी मजा येते तीही नेमकी याच उतारांवर!

म्हणून थर तपासायला बर्फात खड्डा खणतात. 30 सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. चौथ्या-पाचव्या थापेलाच वरचा भाग सपकन पुढे सरकला, तर गुमान मागे फिरावं. सरकला नाही म्हणून मात्र हुरळू नये; वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो.

युरोपनं 1993 मध्ये हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी ठरवली. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक बळी चौथ्या-पाचव्या पायरीला नव्हे, तिसरीला जातात. चार-पाचला लोक घरीच बसतात, तीनला ‘बघू तर’ म्हणून निघतात.

पुढे 2000 नंतर इयान मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकानं अपघातांच्या नोंदी चाळून माणसाच्या चुकाच मांडल्या: ओळखीचा उतार, आधीचे माग, ताज्या बर्फावर पहिलं उतरण्याची घाई, जाणत्यावरची भिस्त. शेवटची तर आपल्या ट्रेकच्या गटांत मुरलेलीच आहे. ‘दादा गेलाय ना पुढे? मग चला.’