बोराएवढी गाठ आणि आठ दिवस

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमळनेरला रात्री दहा वाजताही ओट्यावरची फरशी निवलेली नसते. पाणी मारून आम्ही बसलो होतो आणि कळण्या माझ्या मांडीवर पाय टाकून लोळत होता. कळण्या म्हणजे आमचा कुत्रा. वय चौदा महिने, जात गावठी, अंगाचा रंग थेट कळण्याच्या भाकरीसारखा, काळसर आणि वर ठिपके. गोचीड शोधायला त्याच्या पुढच्या पायावरून बोटं फिरवत होतो, तर कोपराखाली काहीतरी हाताला लागलं. टॉर्च धरून पाहिलं. बोराएवढी गाठ, लालसर, गुळगुळीत, वरचे केस झडलेले. आठवड्यापूर्वी तिथे काही नव्हतं.

आमच्याकडे अशी गाठ दिसली की आधी कुणीतरी बिब्बा घालायला सांगतं, दुसरा हळद-चुन्याचा लेप सुचवतो. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि मग गाठ कोणती आणि जखम कोणती हेच कळेनासं होतं. म्हणून सकाळीच गुरांचा दवाखाना गाठला. समोर एका म्हशीचं काम चालू होतं, ते उरकून डॉक्टरांनी गाठ पाहिली, मग खांद्याच्या पुढे चाचपलं. तिथली लसिका ग्रंथीही सुजली होती. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं, ते ह्याच प्रकारच्या ग्रंथींमुळे. ते म्हणाले, "भाऊ, वय लहान आहे, त्यामुळे साधं काहीतरी निघायची शक्यता जास्त. पण गाठ लवकर वाढलीय आणि ग्रंथी सुजलीय, म्हणून सुई घालून पाहू. कॅन्सर असू शकतो."

एवढ्या बोलण्यातलं माझ्या डोक्यात शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. गाठीतल्या आणि ग्रंथीतल्या पेशी सुईने काढून काचपट्ट्यांवर पसरल्या, त्या काचपट्ट्या कुरियरने नाशिकला गेल्या आणि रिपोर्टला आठ दिवस लागतील असं ठरलं.

ते आठ दिवस इतके वाईट का गेले, ह्याचं एक उत्तर २०१६ सालच्या प्रयोगात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे. कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा, झोंबणारा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण किती आहे ते पाहिलं. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्यापेक्षा कितीतरी जास्त ताण बसेल-न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना होता. (बांधावरचा दगड उलटवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने त्यांना हे फुकट सांगितलं असतं.) वाईट बातमीशी मेंदू काहीतरी तडजोड करतो. अर्ध्या बातमीशी त्याला ती करता येत नाही.

म्हणून मी निम्म्या-निम्म्याचं खरं माप काय ते शोधत बसलो. तिथे वय कामाला आलं.

कॅन्सर हा बहुतेक वेळा नकलांमधल्या चुका साचत जाण्याचा रोग आहे. पेशी दुभंगताना आतल्या जनुकांची नक्कल करते. सातबारा हाताने उतरवून घेत गेलं की कधीतरी एखादं नाव चुकतं, तसं इथेही होतं. एका चुकीने सहसा काही बिघडत नाही. नेमक्या जागांवरच्या चार-पाच चुका एकाच पेशीत जमल्या तर ती पेशी ऐकेनाशी होते. त्याला काळ लागतो. म्हणून कॅन्सर मुख्यतः म्हाताऱ्या कुत्र्यांत दिसतो. चौदा महिन्यांच्या कुत्र्याला तो होतच नाही असं नाही, पण त्याच्या अंगावरच्या लाल, गोल, झपाट्याने आलेल्या गाठीसाठी पहिला संशयित वेगळाच असतो.

त्याचं नाव हिस्टियोसायटोमा. नाव भयंकर, स्वभाव तसा नाही. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने सोन्याचा क्षार वापरून माणसाची कातडी रंगवली, तेव्हा त्याला फांद्या फुटलेल्या विचित्र पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात असं त्याला वाटलं. तो चुकला होता. त्या कातडीच्या राखणदार पेशी निघाल्या: बाहेरून आलेलं काहीही पकडायचं आणि लसिका ग्रंथीत नेऊन दाखवायचं, हे त्यांचं काम. नाव मात्र त्याचंच राहिलं, लांगरहान्स पेशी. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांत कधीकधी ह्या राखणदार पेशीच एका जागी बेसुमार वाढतात. राखणदाराने आपला सगळा गोतावळा बोलावून बांधावरच मुक्काम ठोकावा, तसं. डोकं, कान, पाय ह्या त्यांच्या आवडत्या जागा. दोन-चार आठवड्यांत गाठ फुगते. मग शरीर जागं होतं, टी पेशी, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी, येतात आणि सगळा गोतावळा साफ करतात. साधारण दोन-तीन महिन्यांत गाठ आपोआप जाते.

गंमत अशी की सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ फार उग्र दिसते. पेशी भराभर दुभंगत असतात. नुसत्या दुभंगण्याचा वेग पाहिला तर कुणीही घाबरावं. म्हणून काचपट्टी वाचणाऱ्याला कुत्र्याचं वय आणि गाठीची जागा सांगणं हे काचपट्टीइतकंच महत्त्वाचं असतं. कागदावर 'कुत्रा, नर, गाठ' एवढंच लिहून पाठवणारे दवाखाने असतात, तिथे मालकाने उभं राहून बाकीचं लिहून घ्यावं.

नुसत्या डोळ्यांनी मात्र काही ठरवू नये. मास्ट पेशींचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत सूज आणणाऱ्या पेशींचा, कॅन्सर हा कातडीवरचा बहुरूपी आहे. तो चामखिळीसारखा दिसतो, चरबीच्या गाठीसारखा दिसतो, ह्या लाल बोरासारखाही दिसतो. दाबला-चोळला तर त्यातून हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन सुटतं आणि गाठ तासाभरात फुगून लाल होते. त्या रात्री मी मोबाइलवर गाठींचे फोटो पाहत बसलो आणि मला प्रत्येक फोटोत कळण्याचाच पाय दिसला. सुईने काढलेल्या पेशीत हा बहुरूपी बहुधा लगेच पकडला जातो, कारण त्याच्या पेशी जांभळ्या दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसतात.

सुईची भीती सगळ्यांना असते. आमच्या गल्लीतल्या आप्पांनीही हटकलं, "सुई टोचली का पसरस ना भो ते!" बहुतेक गाठींच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरसारखा एखादा अपवाद आहे, तिथे पोटातून सुई घालणं टाळतात. बाकी लस टोचायच्या सुईएवढीच बारीक सुई, भूल नाही, दोन मिनिटांचं काम. कळण्या त्या वेळात टेबलाखालच्या मांजरीकडे पाहत होता. एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाठ कापून काढली तर तिचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणात, तुकड्याच्या दहापट द्रावण घेऊन बुडवून पाठवतात. त्याच खोक्यात सुईच्या काचपट्ट्या ठेवू नयेत. फॉर्मालिनची नुसती वाफ लागली तरी त्यावरच्या पेशींना रंग नीट चढत नाही आणि आठ दिवसांनी 'नमुना वाचता येत नाही' असा निरोप येतो. आणि कापलेली गाठ टोपलीत टाकून 'झालं, काढली' म्हणणं म्हणजे चिठ्ठी न वाचताच जाळून टाकणं.

गाठ एका जागी नसून दोन्ही जबड्यांखाली, खांद्यांपुढे, मागच्या गुडघ्यांमागे अशी सगळीकडे असेल, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या मनात तेव्हा लिम्फोमा येतो, लसिका ग्रंथींचा कॅन्सर. पण खान्देशात त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: गोचीड किती? तपकिरी गोचीड एर्लिकिया नावाचे जिवाणू कुत्र्याच्या रक्तात सोडते. त्याने ताप येतो, ग्रंथी सुजतात, प्लेटलेट घसरतात, पोटावर लाल ठिपके उठतात, कधी नाकातून रक्त येतं. घरच्यांना वाटतं रक्ताचा कॅन्सरच. रक्ततपासणीत गोचीडताप निघाला तर डॉक्सिसायक्लिनच्या चार आठवड्यांच्या कोर्सवर बरेच कुत्रे उठून बसतात. ही गोचीड जमिनीवर कमी आणि भिंतीवर जास्त सापडते. ती वर चढते, फटीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. आमच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती तिच्यासाठी बांधून दिलेल्या चाळीच. कुत्र्याला औषध आणि भिंतीला काहीच नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

लिम्फोमाबद्दल एक तक्रार नोंदवतो. ओळखीच्या एकांच्या दीड वर्षाच्या लॅब्रॅडॉरच्या ग्रंथी अशाच सुजल्या होत्या. एका दवाखान्यात नमुना न घेता डेक्सा हे स्टेरॉइड टोचलं. दोन दिवसांत गाठी विरघळल्या, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी खरोखरच मरतात, पण थोड्याच दिवसांपुरत्या. तीन आठवड्यांनी गाठी परत आल्या. आधी स्टेरॉइड पडलेलं असलं की नमुना वाचणं अवघड होतं आणि नंतरच्या केमोथेरपीलाही पेशी दाद देईनाशा होतात. आधी सुई, मग औषध, ह्या क्रमाला पर्याय नाही.

भटक्या कुत्र्यांमध्ये ऊठबस करणाऱ्या तरुण कुत्र्याच्या लिंगातून, किंवा माजाचे दिवस नसतानाही योनीतून, रक्त ठिबकत असेल, तर तो बहुधा जगातला सर्वांत विलक्षण कॅन्सर असतो. तो कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींचा नसतोच. मिलनाच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याच्या जिवंत कॅन्सरपेशी चिकटतात आणि इथे रुजतात, कलम लावावं तसं. १८७६ साली नोविन्स्की ह्या रशियन पशुवैद्याने हा कॅन्सर एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवला होता. जगभरातल्या नमुन्यांची जनुकं तपासल्यावर कळलं, की ह्या सगळ्या पेशी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या, बहुधा आशियातल्या, एकाच कुत्र्याच्या आहेत. तो कुत्रा मेला, त्याचा कॅन्सर नदीकाठच्या गावांतून अजून फिरतोय.

आणि हा बरा होतो. आठवड्याला एक, अशी चार ते सहा विन्क्रिस्टिनची इंजेक्शनं बहुतेकांना पुरतात. विन्क्रिस्टिन कुठून येतं? सदाफुलीतून! आपल्या अंगणात, तुळशीशेजारी, मे महिन्याच्या उन्हातही फुललेली असते तीच. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म दोऱ्यांची एक चौकट उभी राहते आणि ती गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेते. विन्क्रिस्टिन ह्या दोऱ्या विणूच देत नाही. पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. म्हणून कुणी पानं वाटून कुत्र्याला पाजू नयेत. झाड विषारी आहे, आणि शुद्ध औषधसुद्धा शिरेबाहेर सांडलं तर मांस झडतं. ते टोचायला सराईत हात लागतो.

हाडाचा कॅन्सर गावठी कुत्र्यात विरळा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ग्रेट डेन आणि रॉटवायलर पाळण्याची हौस असलेल्यांनी मात्र लंगडण्याकडे लक्ष ठेवावं. तो बहुतेक उतारवयात येतो, पण दीड-दोन वर्षांच्या वयातही त्याची एक लहान लाट असते. वाढत्या वयातली साधी हाडदुखी आज ह्या पायात, पुढच्या आठवड्यात त्या पायात फिरते. एकाच पायाचं लंगडणं पंधरा दिवस टिकलं तर एक्स-रे काढावा. घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊन वाट पाहू नये. कुत्र्याच्या पोटात तिने रक्तस्राव होतो.

आणि खरोखर लिम्फोमा निघाला तर? तेव्हा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. केमोथेरपीने बहुतेक कुत्र्यांच्या गाठी मावळतात, साधारण वर्षभर मिळतं, कुणाला जास्त, कुणाला कमी. रोग मुळासकट क्वचितच जातो. कुत्र्यांना डोस माणसांपेक्षा कमी ठेवतात, कारण उद्देश चांगले दिवस हा असतो. त्यामुळे बहुतेकांचे केसही गळत नाहीत, खाणं-खेळणं चालू राहतं. खर्च आणि खेपा झेपत नसतील तर प्रेडनिसोलोन ह्या नुसत्या स्टेरॉइडच्या गोळीवर महिना-दोन महिने बरे काढणारे मालक मी पाहिलेत. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

आठ दिवसांत कळण्याला काय वाटत होतं? आप्पांचं म्हणणं, "त्याले काय समजस?" रिपोर्ट नाही समजत. पण २०२२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात चार कुत्र्यांना ३६ माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने हुंगायला दिले होते. एक नमुना शांत असतानाचा, दुसरा अवघड हिशोब तोंडी करायला लावल्यानंतरचा. ७२० पैकी ६७५ वेळा कुत्र्यांनी ताणाचा नमुना बरोबर ओळखला. म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय हे त्याला नाकाने कळत होतंच, फक्त ते त्याच्या पायाबद्दल आहे हे कळत नव्हतं. तो नेहमीपेक्षा जास्त चिकटून बसायचा आणि मी त्याचा अर्थ 'त्याला त्रास होतोय' असा लावायचो. मग मी रात्री गाठ चाचपणं बंद केलं. रविवारी एकदाच पट्टी लावून मोजायची, शेजारी रुपया ठेवून फोटो काढायचा आणि तारीख लिहायची. बाकीचे दिवस पहाटे बोरी नदीच्या पात्राकडे फेरी, ऊन चढायच्या आत घर.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. हिस्टियोसायटोमा. ग्रंथीत कॅन्सरपेशी नाहीत, ती नुसती कामाला लागली होती. आईने देवापुढे साखर ठेवली आणि उरलेली कळण्याला दिली.

गाठ त्यानंतर आणखी वाढली, हे कुणी आधी सांगत नाही. चौथ्या आठवड्यात ती फुटली, ओलसर झाली, आणि माझा धीर पुन्हा सुटला. डॉक्टर म्हणाले, टी पेशी पोचल्यात, आता चाटू देऊ नका. रंगाच्या बादलीचा तळ कापून गळ्यात अडकवला. तो घालून कळण्या दारांना धडकत फिरला. मग गाठ हरभऱ्याएवढी झाली, तुरीएवढी, मुगाएवढी, आणि पोळ्याच्या आधी खपली धरून पडली.

तिथे आता केस आलेत. तरी गोचीड पाहायला बसली की आई त्याच पायापासून सुरुवात करते.