न्यूरोस्टेरॉइड

मेंदू आणि चेतासंस्थेतील पेशी स्वतः तयार करतात त्या स्टेरॉइड संप्रेरकांना न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. अधिवृक्क ग्रंथी, बीजांडकोश आणि वृषण यांतून निघालेली स्टेरॉइडे मेदात विरघळणारी असल्यामुळे रक्तातून मेंदूत सहज शिरतात. म्हणूनच मेंदू या संप्रेरकांचा नुसता ग्राहक आहे, असा समज बराच काळ होता. तो १९८१ मध्ये डळमळला. फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ एत्येन-एमिल बोल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टेरॉइड रक्तातल्यापेक्षा जास्त प्रमाणात आढळले. अधिवृक्क ग्रंथी आणि वृषण काढून टाकल्यावरही ते मेंदूत टिकून राहिले. न्यूरोस्टेरॉइड हे नावही बोल्यू यांनीच रूढ केले. जगाला मात्र ते मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधामुळे अधिक माहीत आहेत.

कच्चा माल कोलेस्टेरॉलचा. रक्तातले कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरत नाही, मेंदू आपले आपणच बनवतो. ते पेशीतील मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलापाशी पोचले की एक विकर त्याची बाजूची साखळी तोडतो आणि प्रेग्नेनोलोन तयार होते. त्यापासून प्रोजेस्टेरॉन आणि पुढे दोन पायऱ्यांनी अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनते. प्रत्येक पेशीत सगळे विकर असतातच असे नाही. एका पेशीतला अर्धवट तयार माल शेजारची पेशी पुरा करते. रक्तातून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचे अ‍ॅरोमॅटेज विकराच्या साहाय्याने एस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक करणे हेही मेंदूत चालते, नराच्या मेंदूतसुद्धा. माणसाच्या मेंदूत यातले किती अगदी कोलेस्टेरॉलपासून बनते आणि किती रक्तातून आलेल्या स्टेरॉइडांपासून, हा वाद मिटलेला नाही.

स्टेरॉइडे पेशीकेंद्रात जाऊन जनुकांचे काम बदलतात, याला तास लागतात. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन दुसरी, जवळची वाट धरते. गाबा हा चेतापेशींना शांत करणारा चेतापारेषक, म्हणजे पेशीपेशींत संदेश नेणारे रसायन. ते चेतापेशीच्या पटलावर गाबाचा संदेश घेणाऱ्या गाबा-ए ग्राहीला चिकटते, क्लोराइड आयनांचा मार्ग अधिक वेळ उघडा राहतो आणि पेशी काही क्षणांत शांत होते. संप्रेरकांचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी प्रोजेस्टेरॉनसारख्या स्टेरॉइडांनी प्राण्यांना गुंगी येते, असे दाखवले होते. त्याचे कारण कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. प्रेग्नेनोलोन सल्फेटचा परिणाम नेमका उलटा, म्हणजे उत्तेजक असतो. काही स्त्रियांना मासिक पाळीच्या सुमारास अपस्माराचे झटके वाढतात, त्यामागे प्रोजेस्टेरॉन आणि त्यापासून बनणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनची घसरण हे एक कारण मानतात.

ही निर्मिती किती स्थानिक आणि किती झटपट असू शकते, ते झेब्रा फिंच या गाणाऱ्या पक्ष्यात उत्तम दिसते. नराला दुसऱ्या नराचे गाणे ऐकवले, की त्याच्या मेंदूच्या श्रवणाशी निगडित भागात अर्ध्या तासाच्या आत एस्ट्रॅडिऑल वाढते. तिथले अ‍ॅरोमॅटेज चेतापेशींच्या टोकांशी, म्हणजे संदेश सुटतो तिथेच सापडते. अशा वेळी हे एस्ट्रॅडिऑल संप्रेरकापेक्षा चेतापारेषकाच्या अधिक जवळचे वाटते. मेंदूच्या एवढ्याशा भागात काय चालले आहे, हे रक्ताच्या तपासणीवरून ओळखता येत नाही, हेही यातून ध्यानात येते.

औषध म्हणून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनला ब्रेक्सॅनोलोन या नावाने अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली. गरोदरपणात रक्तातले अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन खूप वाढते आणि बाळंतपणानंतर एकदम कोसळते, हा त्यामागचा विचार. हे औषध शिरेतून सलग ६० तास द्यावे लागे आणि गुंगीच्या धोक्यामुळे रुग्णावर सतत नजर ठेवावी लागे. २०२३ मध्ये मान्य झालेले त्याच प्रकारचे झुरॅनोलोन तोंडाने घेता येते. त्याचा क्रम १४ दिवसांचा असतो. डोक्याच्या गंभीर दुखापतीत प्रोजेस्टेरॉनचा प्रयोग मात्र फसला. प्राण्यांत मेंदूची हानी कमी होत असल्याचे दिसले होते, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही.