नात्यातली मारहाण आणि बाईला असलेलं कायद्याचं संरक्षण

नवरा, लिव्ह-इनमधला पार्टनर किंवा घरातलंच कोणी बाईवर हात उचलत असेल तर भारतात तिच्यापुढे दोन रस्ते असतात. एक पोलीस-एफआयआरचा, म्हणजे फौजदारी. दुसरा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चा, कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे नुसतं डीव्ही म्हणतात. लोक दोन्हींची सर्रास गल्लत करतात आणि "केस केली की नवरा जेलमध्ये जाणार, संसार मोडणार" या भीतीने कित्येकजणी वर्षानुवर्षं गप्प बसतात, पण डीव्हीचा अर्ज म्हणजे नवऱ्याला जेलमध्ये टाकणं नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

बऱ्याच बायकांना हवं असतं ते एवढंच की मार थांबावा आणि डोक्यावरचं छप्पर जाऊ नये. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला हा कायदा नेमका त्यासाठीच आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो नसो, तिला तिथे राहायचा हक्क आहे, आणि सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा 'सामायिक घर' ठरू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा केसमध्ये सांगितलं. मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा आदेश देतात, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई देतात, आणि गरज पडली तर समोरच्याला न ऐकताच अंतरिम आदेश काढतात. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात खूप जास्त वेळ जातो आणि तेवढा काळ बाई त्याच घरात असते, हे फार वाईट आहे.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी, जो फॉर्म भरतात (डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसेच्या घटनेचा अहवाल) त्यात चारित्र्यावर संशय घेणं, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, खर्चाला पैसे न देणं, औषध न देणं, नोकरी करू न देणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं असं सगळं लिहिलेलं आहे आणि त्यावर खुणा करायच्या असतात. रोजचं म्हणून सोडून दिलेलं पण कायद्यात बसतं हे पुष्कळजणींना तो कागद हातात आल्यावरच कळतं.

लग्नच झालेलं पाहिजे असं नाही. लग्नासारखं नातं असलं तरी चालतं, पण दोन-चार दिवस एकत्र राहिलं म्हणजे ते झालं असं नाही, किती काळ राहिलात, घर-पैसा एकत्र होता का हे कोर्ट बघतं. आई, बहीण, विधवा यांनाही हा कायदा लागू होतो.

फौजदारी बाजूला १९८३ साली आलेलं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी क्रूरपणे वागवलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रार आली की लगेच अटक असं नाही, सुप्रीम कोर्टाच्या अर्नेशकुमार निकालाने (२०१४) त्यावर बंधनं आहेत. साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, म्हणून चौकीत नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवतात, अशा वेळी नातं काय आहे आणि हे आधीही झालंय हे आवर्जून सांगावं, म्हणजे नवऱ्याच्या बाबतीत कलम ८५ चा विचार होऊ शकतो.

एक मोठी उणीव अजून तशीच आहे. १८ वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येत येत नाही, दोघं वेगळी राहत असतील तरच न्याय संहितेचं कलम ६७ लागतं. डीव्हीमध्ये लैंगिक हिंसा मोजली जाते, पण तिथे मिळतो तो आदेश, बलात्काराची शिक्षा नाही.

वकील फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईच्या उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. डीव्हीची माहिती शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतात, चांगल्या हेतूने दिली तर त्यांच्यावर काही येत नाही. आणि दवाखान्यात "बाथरूममध्ये घसरले" असं सांगू नका, डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितात आणि पुढे कोर्टात समोरचा वकील तोच कागद दाखवतो.