दोन मॉनिटर जोडले, तरी दुसरा काळाच का?

लॅपटॉपच्या कडेला एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी असे दोन पोर्ट दिसले की दोन मॉनिटर सहज लागतील असं आपण धरून चालतो. बरेचदा लागतातही. पण कधी दुसरा पडदा ‘नो सिग्नल’ म्हणून काळाच राहतो, कधी दोन्हींवर तेच चित्र उमटतं, तर कधी सगळं जमूनही माउसचा बाण अडखळत सरकतो. मग केबलला दोष दिला जातो. केबल खरंच खराब असू शकते, पण या तीन तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी असतात, आणि त्यातलं पहिलं पोर्टमध्ये नसून थेट प्रोसेसरच्या चिपमध्ये असतं.

पडद्यावर जे दिसतं ते आधी मेमरीत तयार होतं. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक चित्र ३३ मेगाबाइटचं झालं. हे चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स प्रोसेसरचं. ते मेमरीतून उचलून मॉनिटरकडे पाठवायला मात्र चिपमध्ये वेगळं सर्किट असतं, त्याला डिस्प्ले पाइप म्हणतात. कुणी पुस्तकाचं एकच पान वरून खाली, ओळीमागून ओळ, मोठ्याने वाचत बसावं तसं हे सर्किट तेच चित्र सेकंदाला ६० वेळा वाचतं. चित्रात काडीचाही बदल झालेला नसला तरी बहुतेक वेळा हे वाचन चालूच राहतं.

एका वेळी एक पाइप एकच चित्र वाचतो, आणि असे पाइप चिपमध्ये मोजकेच असतात. शिवाय लॅपटॉपचा स्वतःचा पडदा त्यातला एक अडवून बसतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१२च्या तिसऱ्या पिढीपासून तीन पाइप आले. त्याआधी दोनच होते, त्यामुळे स्वतःचा पडदा चालू ठेवून बाहेरचा एकच मॉनिटर चालवता येई. ॲपलने २०२० साली एम१ चिप आणली तेव्हा मॅकबुकला बाहेरचा एकच मॉनिटर लागत होता, पोर्ट दोन असूनही. २०२४च्या एम३ मॅकबुक एअरला दोन लागू लागले, पण झाकण बंद केल्यावर! आतला पडदा विझला की त्याचा पाइप मोकळा होतो आणि दुसऱ्या मॉनिटरच्या कामी येतो. २०२५च्या एम४ मॅकबुक एअरमध्ये झाकण मिटायची ही अट राहिली नाही.

पाइप उपलब्ध असला तरी आधी ओळखपाळख व्हावी लागते. एचडीएमआयच्या केबलमधून लॅपटॉप ५ व्होल्टचा पुरवठा देतो. मॉनिटर तो दुसऱ्या पिनवरून परत दाखवतो, आणि ‘कुणीतरी जोडलंय’ हे लॅपटॉपला कळतं. मग लॅपटॉप मॉनिटरमधली एक छोटी मेमरी वाचतो. एडिड नावाच्या या नोंदीचा मूळ भाग फक्त १२८ बाइटांचा, पण त्यात कंपनीचं तीन अक्षरी संक्षिप्त नाव, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि चालणारी रिझोल्यूशन्स एवढं सगळं असतं. मधला एखादा कन्व्हर्टर ही नोंद नीट पुढे देत नसेल, तर विंडोज त्या मॉनिटरला ‘जेनेरिक’ म्हणून मोकळं होतं आणि भलतंच, ढोबळ रिझोल्यूशन लावतं.

दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येण्यामागे बरेचदा एचडीएमआय स्प्लिटर असतो. त्याचं कामच मुळी एका चित्राच्या दोन प्रती काढण्याचं. त्याच्याकडून दोन वेगळी चित्रं मागण्यात अर्थ नाही. एकाच केबलमधून खरोखर वेगळी चित्रं न्यायची सोय डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीत आहे. २०१०च्या १.२ आवृत्तीपासून एमएसटी नावाच्या पद्धतीत दोन चित्रांचा डेटा एकाच तारेवर आळीपाळीने, ठरलेल्या वाटणीने पाठवला जातो. त्यामुळे पहिल्या मॉनिटरमधून आणखी एक केबल पुढे दुसऱ्याला जोडता येते, मात्र पहिल्याला डिस्प्लेपोर्ट ‘आउट’ हवा. अर्थात दोन चित्रं म्हणजे पाइपही दोन लागणारच. मॅकओएस मात्र एमएसटीतून वेगळी चित्रं देत नाही, म्हणून विंडोजवर दोन मॉनिटर नीट चालवणारा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं खोकं, मॅकला लावला की दोन्हीकडे तेच चित्र दिसतं. हब बिघडलेला नसतो.

आता तो अडखळणारा बाण. इथे प्रश्न तारेतून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो याचा. फुल एचडी चित्राचे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, हा गुणाकार सुमारे ३ गिगाबिट येतो. पण प्रत्यक्षात तारेतून ३.५६ गिगाबिट जातात. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपवून परत डावीकडे यायला वेळ घ्यायचा, म्हणून प्रत्येक ओळीनंतर मोकळी जागा सोडत. नळी गेली, पण ती जागा थोडीफार उरलीच. ४के चित्राला हीच जागा काटकसरीने सोडली तरी साधारण १२.८ गिगाबिट लागतात. एचडीएमआय १.४मधून जेमतेम ८.१६ गिगाबिट जातात, म्हणून तिथे ४के चित्र ६०ऐवजी ३० हर्ट्झवर येतं. सेकंदाला तीसदाच बदलणाऱ्या पडद्यावर हलणारा बाण डोळ्यांना खटकतो.

यूएसबी-सीवर आणखी एक वाटणी होते. त्यात डेटा नेणाऱ्या वेगवान लेन, म्हणजे तारांच्या जोड्या, चार. हबला वेगवान यूएसबीही चालवायचं असेल तर दोन लेन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने या दोन लेन ८.६४ गिगाबिट वाहून नेतात. त्यात फुल एचडीचे दोन मॉनिटर आरामात बसतात, ४केचा एकही ६० हर्ट्झवर बसत नाही. हबच्या खोक्यावर ‘४के’ ठळक आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक छापलेलं असतं ते यामुळेच. काही यूएसबी-सी पोर्टमधून तर चित्र मुळीच बाहेर येत नाही, ते फक्त डेटा आणि चार्जिंगपुरते असतात. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर खात्री बाळगायला हरकत नाही.

पाइप संपले तरी एक आडवाट उरते, डिस्प्लेलिंकची. यात सॉफ्टवेअर पडद्याचं चित्र टिपतं, दाबून लहान करतं आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतं. डॉकमधली, म्हणजे मॉनिटर ज्याला जोडतात त्या हबसारख्या खोक्यातली चिप ते पुन्हा उलगडते. पाइपचा संबंधच येत नाही. मॅकवर हे सॉफ्टवेअर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी मागतं तेव्हा लोक दचकतात, पण त्याचं काम खरोखरच तेवढं आहे: पडदा टिपणं. याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागते, आणि नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेले चित्रपट अशा मॉनिटरवर अनेकदा काळे दिसतात. लेखन, कोड, हिशेबाचे तक्ते यांना ही सोय पुरेशी आहे. गेम किंवा व्हिडिओ संकलनासाठी मी ती सुचवणार नाही.

तेव्हा डॉक घेण्याआधी लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीत ‘किती बाह्य डिस्प्ले, कोणत्या रिझोल्यूशनला, किती हर्ट्झवर’ ही ओळ शोधावी. काही उत्पादक नुसताच एकूण आकडा देतात. त्यात लॅपटॉपचा स्वतःचा पडदा धरलाय की नाही, तेही तिथेच पाहून घ्यावं.