हार्ट ॲटॅकनंतर धावायचंच नाही?

‘ॲटॅक येऊन गेलाय, आता जिनासुद्धा जपून चढायचा.’ घरोघरी हे इतक्या मायेनं सांगितलं जातं की खोटं वाटत नाही. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. झटक्यानंतर सहा-सहा आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवत.

पण १९७३ सालीच टोरांटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हनाह यांच्या सात रुग्णांनी बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. ४२ किलोमीटर! सगळ्यांना आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेला. सुरुवात मात्र साध्या चालण्यापासून, देखरेखीखाली, हळूहळू अंतर वाढवत. मला या गोष्टीत शर्यतीपेक्षा ही तयारी मोठी वाटते.

सरावानं पायांचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला वापरू लागतात. मग तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी लागतात, म्हणजे हृदयावरचा ताण घटतो. शिवाय ॲटॅकनंतर मनात जी भीती घर करते, ती पहिला किलोमीटर न थांबता झाला की सैल पडते. त्या दिवशीचा चेहरा बघावा माणसाचा!

याचा अर्थ उद्याच बूट घालून सुटायचं असा नाही. आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला, स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करताना हृदय कसं चालतं याची तपासणी), मग चालणं. बोलता बोलता जमेल इतकाच वेग. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. काहींना धावणं खरोखरच वर्ज्य असतं. ते डॉक्टर तपासून ठरवतील, शेजारच्या काकांनी ठरवू नये.